दोन डोळ्यांच्या मधले सात आठवडे

२०२३ चा डिसेंबर आणि त्यापुढचा जानेवारी मिळून सुमारे सात आठवडे मला दोन सोलापूर दिसत होती. उजवा डोळा झाकला की एक, डावा झाकला की दुसरे. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि डाव्याचे व्हायचे होते. ते खरे तर लगेचच उरकायचे, पण माझी शुगर वाढलेली निघाली आणि ती आटोक्यात येईपर्यंत थांबा, असे डॉक्टरांनी बजावले. त्या थांबण्याच्या काळात सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसण्याखेरीज मला दुसरा उद्योग नव्हता. समोरच्या गच्चीवर तारेवर टॉवेल वाळत असत. सोलापुरात टॉवेल नाहीत अशी गच्ची सापडायची नाही. ते टॉवेल डाव्या डोळ्याने पाहिले तर चहात बुडवून काढल्यासारखे दिसत आणि उजव्याने पाहिले तर नुकतीच नीळ दिल्यासारखे पांढरे. आकाशाचे तेच, समोरच्या चुन्याच्या भिंतीचे तेच, माझ्या स्वतःच्या तळहाताचेही तेच. मी एक डोळा झाकायचो, उघडायचो, दुसरा झाकायचो. समोरच्या घरातली लहान मुलगी हे दोन दिवस पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिने मला उलट डोळा मारला.

हा प्रकार गमतीचा वाटला तरी मला त्याने चांगलेच ओशाळे केले. कारण त्याआधीची किमान आठ वर्षे मी भेटेल त्याला सांगत होतो की सोलापूर आता पूर्वीचे राहिले नाही, गावाचा रंगच गेला. मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला असल्यामुळे माझ्याकडे कारणांची कधी वाण नव्हती. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, झाडे कमी, रस्ते सतत उकरलेले, माती काळी पण हवेत उडाली की राखाडी. शिवाय गिरण्या गेल्या. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाने कधीकाळी घड्याळे लावली, त्या गावात आता भोंगा नाही, ही गोष्ट कोणत्याही तक्रारीच्या शेवटी जोडली की ती तक्रार आपोआप खरी वाटते, असा माझा अनुभव आहे. माझे बोलणे ऐकून लोक माना हलवत, आणि मान हलवणारा माणूस समोर असला की आपल्या डोळ्याची तपासणी करावी असे कोणाला सुचत नाही. घरात मात्र माझी ही तक्रार कपड्यांपर्यंत पोचली होती. पांढरे सदरे पिवळट निघतात म्हणून मी पत्नीला साबण बदलायला लावला. तिने तो दोनदा बदलला आणि मग म्हणाली, “साबण दोनदा बदलून झाला. आता घालणारा माणूस बदलायचा राहिलाय तेवढा.”

डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते थोडक्यात असे की डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतके सावकाश घडते की मेंदू रोज थोडे थोडे जुळवून घेतो आणि काल ज्याला पांढरे म्हटले त्यालाच आजही पांढरे म्हणत राहतो. म्हणजे पिवळेपणा एखाद्या पाहुण्यासारखा दार वाजवून आत येत नाही. तो घरातल्याच माणसासारखा वयात येतो. मला त्यातली एक गोष्ट फार लागली. आठ वर्षांत ‘माझा डोळा पिवळा झाला’ असे वाक्य माझ्या मनात एकदाही आले नव्हते, ‘सोलापूर पिवळे झाले’ हेच आले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ही म्हण मी वर्गात कित्येकदा वापरली असेल. पण मुसळ डोळ्यात असले म्हणजे ते मुसळासारखे दिसत नाही, ते समोरच्या सगळ्या जगासारखे दिसते, हे त्या म्हणीने मला कधी सांगितले नव्हते.

म्हणूनच ‘दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल’ या धाटणीच्या व्याख्यानांशी माझे पूर्वीही फारसे जमले नाही आणि आता तर मुळीच जमत नाही. निवृत्तीनंतर अशा दोन-तीन व्याख्यानांना मी मित्राच्या आग्रहाखातर जाऊन बसलो आहे. वक्ता जणू नजर म्हणजे सदरा आहे, हा काढा आणि तो घाला, अशा थाटात बोलत असतो. माझ्या बाबतीत कोणी कितीही तळमळीने सांगितले असते की अहो, जरा प्रसन्न नजरेने पाहा, तरी टॉवेल पिवळेच दिसले असते, कारण मी पाहत होतो ते भिंगातून, आणि ते भिंग मला दिसत नव्हते. ते दिसले केवळ एका कारणाने: दुसरा डोळा शेजारी होता आणि दोघांची साक्ष जुळत नव्हती.

आणि नवा डोळा खरा, जुना खोटा, असेही नाही. हे मी डॉक्टरांना विचारूनच घेतले, कारण एव्हाना मला या गोष्टीचा छंद लागला होता. सुरुवातीला निळे जरा जास्तच निळे वाटते आणि काही आठवड्यांनी मेंदू तेही सरळ करून घेतो, असे ते म्हणाले. शिवाय बसवायच्या भिंगांच्या काही प्रकारांत मुद्दाम हलकी पिवळी छटा ठेवलेली असते. म्हणजे अगदी कोरे, कशाचाच रंग नसलेले पाहणे कोणाच्याच वाट्याला येत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदू झाला होता आणि १९२३ मध्ये त्याच्या एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले. रंगांवर जन्म घालवलेल्या त्या माणसाने दोन डोळ्यांचे दोन रंग कसे सोसले असतील या विचाराने मी एक सकाळ घालवली. मला तर शेजाऱ्यांच्या टॉवेलांचा निकाल लागत नव्हता.

डोळ्यात बसवलेल्या त्या भिंगाची जन्मकथा मात्र इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत कधीकधी विमानाच्या झडपेचे, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाचे, बारीक तुकडे घुसत. ती झडप काचेची नसून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची असे. डोळ्यात बाहेरचे काही गेले की डोळा सुजतो, चिडतो, ते बाहेर काढायलाच हवे, हे डोळ्यांच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होते. हॅरल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की अ‍ॅक्रिलिकचे हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही. जखमेत घुसलेला कचरा म्हणून सगळे ज्याच्याकडे पाहत होते, त्याच्याकडे त्यांनी भिंगाचा माल म्हणून पाहिले आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या पदार्थाचे कृत्रिम भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना कित्येक वर्षे वेड्यात काढले. आज तालुक्याच्या गावीही हे ऑपरेशन होते आणि माणूस संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी येतो. तुकडा तोच होता. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे एकाने वेगळे विचारले. पण एवढे विचारता येण्यासाठी त्यांना जखमी डोळे वारंवार आणि जवळून पाहावे लागले होते, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

सोलापूरकराला खरे तर हे सगळे शिकायला डोळ्याच्या दवाखान्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. आमच्या घराघरांतल्या चादरीला दोन तोंडे असतात. जकार्ड या नक्षीच्या मागावर विणलेली चादर उलटली की नक्षी तीच राहते आणि रंग जागा बदलतात. वर मोर तांबडा आणि जमीन पांढरी असेल तर खाली मोर पांढरा आणि जमीन तांबडी. पत्नी रोजच्या वापराला एक बाजू वर ठेवते आणि पाहुणे आले की दुसरी. माझा एक माजी विद्यार्थी शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला मी एकदा विचारले होते की यातली सुलटी बाजू कोणती. तो मूळचा तेलुगू घरातला, मराठी बोलताना शब्द जरा सावकाश ठेवतो. तो म्हणाला, “सर, मागावर असताना जी वर असते ती आम्ही बघतो. दुकानात घडी घालताना जी वर येते ती गिऱ्हाईक बघतो. धाग्याला काही माहीत नसतं.” मी तेव्हा हसलो होतो. गच्चीवरच्या त्या दिवसांत ते वाक्य मला पुन्हा आठवले, आणि हेही आठवले की दोन्ही बाजू एकाच वेळी पाहायच्या असतील तर चादरीचा एक कोपरा दुमडावा लागतो. दुमडलेल्या कोपऱ्यावरूनच कळते की ही दुतोंडी आहे. माझे ते सात आठवडे म्हणजे असाच दुमडलेला कोपरा होता.

आता पाण्याबद्दल. ऑपरेशननंतर वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असे तीन हुकूम होते, आणि तिन्ही मिळून माझे घरातले एकमेव काम बंद झाले. आमच्या गल्लीत त्या दिवसांत पाणी पाचव्या दिवशी येई आणि तेही रात्री दोनच्या सुमारास. मोटर लावणे, बॅरल भरणे, पिण्याचे पाणी गाळून हंड्यांत ओतणे, नळाची नळी टाकीतून हौदात आणि हौदातून टाकीत करणे, हे सगळे आम्ही दोघे करत आलो होतो, आणि मी ते गेली वीस वर्षे सतत कुरकुरत केले होते. त्या रात्री मला पत्नीने दारात खुर्ची टाकून दिली, खांद्यावर चादर घातली आणि म्हणाली, “बसा नुसते. बोलू नका.”

मी बसलो आणि पहिल्यांदा ती गल्ली पाहिली. प्रत्येक दारात दिवा होता. डिसेंबरच्या थंडीत बायका डोक्याला स्कार्फ गुंडाळून उभ्या होत्या आणि मोटरींच्या घरघरीवरून एकमेकींना हाका मारत होत्या. पलीकडच्या अक्का कानडीत काही विचारत, समोरून तेलुगूत उत्तर येई, मध्ये आमची ही मराठीत भर घाली, आणि कोपऱ्यावरच्या आपा दखनी उर्दूत असा काही शेरा मारीत की चारही भाषा एकदम हसत. कोणाच्या सुनेला दिवस गेले होते, कोणाच्या घरी विड्या वळायचे पान खराब आले होते, कोणाकडच्या शेंगाचटणीला यंदा लसूण जास्त झाला होता. दिवसा हीच माणसे एकमेकांना जेमतेम मान हलवून जातात. मला वाटले, पाहा, मी ज्याला वीस वर्षे छळ म्हटले तो या बायकांचा कट्टा आहे. मी बॅरलकडे पाहत होतो म्हणून मला गल्ली दिसली नाही. या लेखाचा मजकूर माझ्या मनात तिथेच तयार होऊ लागला होता आणि तो मला बराच सुंदर वाटत होता.

पाणी गेल्यावर हात पुसत ती आत आली तेव्हा मी माझा हा शोध तिला ऐकवला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, “आम्ही हसतो ते जागं राहायचंय म्हणून. गप्पा आवडतात म्हणून पाणी रात्री दोनला आलेलं बरं, असं नसतं हो. सकाळी सहाला येऊ दे, मग बघा किती गप्पा मारते ते.” आणि दिवा मालवून ती झोपली, कारण तिला पाच वाजता उठायचे होते.

माझा तो लेख तिथेच पडला, आणि पडला ते बरे झाले. खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसलेली गल्ली आणि नळी धरून उभ्या असलेल्या बाईची गल्ली ह्याही पुन्हा दोन बाजूच होत्या, आणि मी आपली बाजू सुलटी समजून बसलो होतो. नजर बदलल्याने काही गोष्टी खरोखर बदलतात आणि काहींना त्याने धक्काही लागत नाही, आणि दुसऱ्या जातीच्या गोष्टींवर पहिल्या जातीचे औषध सांगणे हा एक प्रकारचा निर्दयपणा आहे. गिरणी बंद पडून देणी अडकलेल्या कामगाराला दृष्टिकोन बदलायला सांगणारा माणूस मला वक्ता वाटत नाही, तो मला गिरणीच्या बाजूचा वाटतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विचारपद्धती मांडायला घेतली आणि जी मराठीत कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आणली, तिच्यात ही मर्यादा नीट सांभाळलेली आहे. आपल्याला त्रास देते ती नुसती घटना नसते, घटनेबद्दल आपण धरून ठेवलेली धारणाही असते, हा तिचा गाभा. पण घटना नाहीच असे ती म्हणत नाही. पाणी वेळेवर यावे ही इच्छा आणि ते आलेच पाहिजे, नाहीतर माझे आयुष्य असह्य आहे, हा हट्ट, या दोहोंत ती फरक करते. पत्नीकडे इच्छा होती. हट्ट सगळा माझ्याकडे होता. तिने या विषयावर काहीही वाचलेले नाही.

पण खरी गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती मी लांबवतो आहे हे मला कळते आहे. तीही पाण्याचीच आहे.

उजनी धरण सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आमच्या घरातले पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून तिथूनच येते, आणि जिल्ह्यातला ऊसही बराचसा त्याच्याच जिवावर. मी शिक्षक झालो तेव्हा धरण नवे होते आणि वर्गात त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढत असे. एकूण साठा ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) हा आकडा मी मुलांकडून पाढ्यासारखा म्हणवून घ्यायचो. नव्वदीच्या सुरुवातीला सहामाही परीक्षेत मी चार गुणांचा प्रश्न घातला होता: उजनी धरणाचे फायदे लिहा. बहुतेक मुलांनी सिंचन, पिण्याचे पाणी, वीजनिर्मिती, मासेमारी हे चार शब्द लिहून चार गुण घेतले. एका मुलाने एकच ओळ लिहिली होती: ‘उन्हाळ्यात पाणी खाली गेले की आजीला देऊळ दिसते.’

मी त्याला शून्य दिले. लाल शाईने, नीट गोल काढून. शेजारी ‘प्रश्न नीट वाचा’ असेही लिहिले. तो धरणग्रस्तांपैकी एका कुटुंबातला होता, गाव पाण्याखाली गेल्यावर फिरत फिरत सोलापुरात आलेल्या. हे मला नंतर दुसऱ्या एका शिक्षकाकडून कळले. कळल्यावरही मी गुण बदलले नाहीत, कारण तोवर पेपर वाटून झाले होते आणि प्रश्न फायद्यांचा होता. त्याचे गाव कोणते, हे मी विचारले नाही. त्याचे नावही आता मला खात्रीने सांगता येणार नाही; बाकावरची जागा मात्र आठवते, खिडकीकडच्या ओळीत तिसरी.

ते उत्तर मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. ते कुठेतरी पडून होते. ते वर आले २०१६ च्या दुष्काळात. उजनीबाबत एक गंमत आहे जी बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही: हे धरण उणे होते. सोलापुरात उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य तापमानाइतके सहज बोलले जाते. ११७ टीएमसीपैकी साधारण ५४ टीएमसी पाणी हा उपयुक्त साठा आणि उरलेले ६३ टीएमसीहून थोडे अधिक हा मृतसाठा. वर्तमानपत्रातली टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढलेली असते, म्हणून कागदावर धरण शून्य टक्के झाले तरी त्यात अर्ध्याहून अधिक पाणी असतेच, आणि पुढे जे उपसले जाते ते वजा आकड्यात मोजतात. म्हणजे शून्य ही पाण्याची स्थिती नसून आपण भिंतीवर मारलेली एक रेघ आहे. हे सगळे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो होतो. त्या वर्षी मे महिन्यात पेपरात बातमी होती, उजनी वजा, शहरावर संकट. आणि आतल्या पानावर फोटो होता, पाणी उतरल्यामुळे पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले. दोन्ही बातम्या एकाच पाण्याच्या. वरच्या पानावर ते पाणी संपत होते आणि आतल्या पानावर कोणाचे तरी गाव वर येत होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तीसएक वर्षे शिकवलेली आकृती पहिल्यांदा रेघेच्या खालून पाहिली. त्या रेघेखाली मृत म्हणून जे होते त्यात शेते होती, उंबरे होते, आणि एका आजीचे देऊळ होते, आणि त्या पोराला मी दिलेला आकडाही शून्यच होता.

त्याने प्रश्न नीट वाचला होता. ‘कोणाचे फायदे’ हे मी विचारायला विसरलो होतो, तर त्याने ते आपल्या घरच्या बाजूने भरून घेतले होते. मला आजही वाटते की उजनी व्हायलाच हवी होती. ती नसती तर हे शहर आणि हा जिल्हा कसा उभा राहिला असता हे मला सांगता येत नाही. माझे मत बदललेले नाही. पण उजनी हा शब्द पूर्वी माझ्या तोंडात एकाच रंगाचा होता आणि आता तो तसा राहिलेला नाही, आणि नळाखाली हंडा लावताना कधीकधी त्या बाकाची जागा आठवते. हा बदल माझ्या आयुष्याला सुखाचा झाला का, असे विचारले तर नाही, असेच म्हणावे लागेल. नजर बदलली की मन हलके होते, असे गृहीत धरले जाते. माझे जड झाले. तरी मला ती जुनी, हलकी, पाढ्यासारखी उजनी परत नको आहे.

जानेवारीत सिद्धेश्वरांची, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची, यात्रा आली तेव्हाही माझा डावा डोळा जुनाच होता. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली, त्याची ही आठवण. सात नंदीध्वज तलावाकाठी येतात आणि ते पेलणारे हजारो भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. बाहेरगावच्या माणसाला नंदीध्वज हा सजवलेला उंच बांबू दिसतो. आमच्याकडे त्याच्यावर अक्षता पडतात, कारण ते लग्न आहे. मी गर्दीच्या कडेला उभा राहून लहान मुलासारखा डोळे पालटून पाहत होतो: डाव्या डोळ्याने जुन्या फोटोतली यात्रा, माझ्या वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली असावी तशी, उन्हात भाजलेली, तांबूस, उजव्याने डोळे दिपतील अशी पांढरी. ‘एकदा भक्तलिंग, हर्र बोला हर्र’चा गजर झाला आणि अक्षता उडाल्या, तेव्हा मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. दोन्ही उघडे असले की कुठलाच रंग वेगळा राहत नाही, हेही त्या दिवशी लक्षात आले. मेंदू तडजोड करून टाकतो.

जानेवारीच्या अखेरीस डावा डोळाही उरकला. आता दोन्हीकडून टॉवेल पांढरेच दिसतात आणि गच्चीवरचा खेळ संपला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी पत्नीला सांगितले की आता कळेल, कपड्यांसारखीच ती स्वयंपाकघराची भिंतही पिवळी नव्हतीच, तो माझाच डोळा. जाऊन पाहिले तर भिंत पिवळीच होती. ओल आली आहे. तिने ते दोन पावसाळे आधीच सांगितले होते आणि मी ते, सोलापूरचे सगळेच पिवळे झाले आहे, या खात्यात टाकून दिले होते.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नासच्याही खाली गेली. मे महिन्यात एका सकाळी मी पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो आणि पळसदेवला उतरलो. हे देऊळ त्या मुलाच्या आजीचे नव्हे, बहुधा. पण मला दुसरे ठाऊक नव्हते. तडकलेल्या गाळावरून चालत जावे लागते. गाळाचे खवले ऊन खाऊन कडेने वर वळलेले होते आणि त्यांच्यावर पाय पडला की कडक भाकरी मोडावी तसा आवाज येत होता. वाटेत एक उखळ होते, अर्धे गाळात. जवळच कोणाच्या तरी घराच्या जोत्याची दगडांची ओळ. देवळाच्या दगडांवर पाण्याने वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या उंचीवर रेघा सोडल्या होत्या. कोणीतरी त्या दिवशी सकाळीच आत येऊन फूल वाहून गेले होते. मी सावलीत टेकलो आणि मोबाईल वाजला.

“पाणी आलं नाही आज,” पत्नी म्हणाली. “सहावा दिवस. तिकडं आहे का?”

“आहे. लांब आहे जरा.”

“आणि देऊळ?”

“दिसलं,” मी म्हणालो. “सगळं दिसलं.”

“मग या आता. बॅरलच्या तळाला दोन बादल्या आहेत, तेवढ्यात होईल उद्यापर्यंत.”